घरी बांधलेला घुमता डबा: पोळ्याच्या पितळासाठी कितपत कामाचा?

सहा इंची पाइपचा हातभर तुकडा, दोन लोखंडी दांडे, चार बेअरिंग आणि भंगारातली वायपरची मोटर. वेल्डिंगवाल्याकडे एका दिवसात उभा होणारा हा घुमता डबा घुंगरमाळा, शेंब्या (बैलाच्या शिंगांवरची टोपणं), घाट्या (गळ्यातल्या घंटा), नळाच्या तोट्या असलं बारीक पितळ उजळायला बनवून घ्यावा का, हा प्रश्न पोळ्याच्या महिनाभर आधी हमखास निघतो. उत्तर आधीच सांगून टाकतो: बनवावा. शेंबीच्या पोटात, नक्षीच्या खाचेत, आट्यांच्या मधोमध, जिथे बोट आणि काथ्या पोचत नाही, तिथलं काळं हा डबा अडीच-तीन तासांत काढतो. पण सांगाडा चांगला झाला आणि पाण्याचं प्रमाण चुकलं तर पितळ सोनेरी न होता गुलाबी होऊन निघतं. आणि घासायला डब्यात टाकलेल्या स्टेनलेसच्या बारीक पिना काम झाल्यावर तोलल्या नाहीत तर गोष्ट थेट बैलाच्या जिवावर जाते.

ही युक्ती मुळात नेमबाजांची आहे. परदेशात जिथे वापरलेली काडतुसं पुन्हा भरायला परवानगी आहे, तिथे रिकाम्या पितळी नळ्या धुवायला असा डबा घरोघरी बांधतात. त्यांचं ठरलेलं माप असं: सव्वादोन किलो स्टेनलेस पिना, सुमारे एक किलो पितळ, पावणेचार लिटर पाणी, मोठा चमचाभर भांड्यांचा पातळ साबण आणि पाव चहाचा चमचा निंबूफूल (सायट्रिक आम्ल). आपल्याकडे शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे, तेव्हा त्या कामाशी इथे काही संबंध नाही. पण काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, आपल्या दाबून केलेल्या घुंगरांचा पत्राही त्याच कुळातला. त्यामुळे माप बहुतांशी लागू पडतं. कुठे लागू पडत नाही ते पुढे येईलच, आणि विदर्भात नेमकं तिथेच बहुतेकांचं बिनसतं.

डब्यासाठी शेतातल्या पाइपलाइनचा १६० मिलिमीटरचा, ६ किलो दाबाचा पीव्हीसी पाइप घ्यावा. सांडपाण्याचा पातळ पाइप नको. नऊ-दहा किलो वजन घेऊन घुमताना तो अंडाकृती होतो आणि दांड्यांवर उड्या मारतो. तुकडा ४० सेंटिमीटर कापला की आतली जागा साधारण सात लिटर होते, म्हणजे वर दिलेलं माप टाकल्यावर डबा साठ टक्के भरतो. तेवढाच भरायचा. गळ्यापर्यंत भरलेल्या डब्यात माल लोळत नाही, सगळा गोळा एकत्र फिरतो आणि तीन तासांनीही काळंच्या काळं बाहेर येतं.

एका टोकाला टोपी सोल्युशन लावून कायमची बसवावी. दुसऱ्या टोकाला १६० वरून ११० वर आणणारा रिड्यूसर आणि त्यावर ११० चं आटे असलेलं झाकण. पाइपच्याच मापाचं मोठं झाकण बसवायचा मोह होतो, पण त्याचे आटे साबणाच्या पाण्यात गळतात आणि ते घट्ट करायला हाताची पकड पुरत नाही. ११० च्या तोंडातून मोठी घाटीसुद्धा आत जाते. झाकणात सायकलच्या ट्यूबचा वायसर घालावा. सुतळी-सफेदा लावू नये, दर वेळी उघडायचं असतं. सोल्युशनचे सांधे रात्रभर वाळू द्यावेत. दोन तासांत पाणी भरून फिरवलेला सांधा त्या दिवशी टिकतो आणि आठवड्याने झिरपायला लागतो.

पाइपचं आतलं अंग काचेसारखं गुळगुळीत असतं. त्यावर पिना आणि पितळ नुसते घसरत राहतात, उलटत नाहीत. म्हणून त्याच पाइपच्या उरलेल्या तुकड्यातून १५ मिलिमीटर रुंदीच्या, डब्याच्या लांबीच्या तीन पट्ट्या कापून आत सारख्या अंतरावर सोल्युशनने चिकटवाव्यात. कडा कानशीने गोल करून घ्याव्यात. या तीन पट्ट्यांनी जेवढा फरक पडतो तेवढा मोटर बदलून पडत नाही, तरीही वेल्डिंगवाला त्या विसरतो आणि घेणाराही विचारत नाही. टोपी चिकटवल्यावर आत हात जात नाही, त्यामुळे पट्ट्या आधी, टोपी नंतर.

सांगाडा २५ मिलिमीटरच्या अँगलचा पुरेसा आहे. त्यावर २० मिलिमीटरचे दोन ब्राइट बारचे दांडे, प्रत्येकाला बैठकीसकट येणारे दोन यूसीपी २०४ बेअरिंग. हे बेअरिंग मळणीयंत्राचे सुटे भाग विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतं. यापेक्षा लहान बेअरिंग शोधायला नागपूर-अमरावतीला जाण्याची गरज नाही. दांड्यांवर ट्रॅक्टर किंवा मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या पंक्चरच्या सोल्युशनने गुंडाळत जाव्यात, बाहेरून ३६ मिलिमीटर व्यास होईपर्यंत. एवढा जाड थर अशासाठी की टोपी आणि रिड्यूसर पाइपवर बाहेरून चढतात, त्यांची कड पाचसहा मिलिमीटर वर येते. रबर पातळ असेल तर ही कड नागड्या दांड्याला घासते आणि आठवड्यात कापली जाते. रबर दोन्ही कडांच्या मधल्या मोकळ्या पाइपपुरतंच, दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटर जागा सोडून गुंडाळलं की त्याच कडा डब्याला दोन्ही टोकांना अडवून धरतात, वेगळा अडसर लावावा लागत नाही.

दोन दांड्यांच्या मध्यांमधलं अंतर ११० मिलिमीटरच्या आसपास ठेवावं. कमी ठेवलं तर डबा वर चढून पडतो, जास्त ठेवलं तर दांड्यांमध्ये पाचरीसारखा दाबला जातो आणि मोटर तापते. वेल्डिंग करायच्या आधी दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत ना ते बघा. दांडे दोन मिलिमीटरनेही तिरपे झाले तर डबा घुमता घुमता एका बाजूला सरकत राहतो आणि ती कड रबर खात बसते.

आता वेग. डब्याचा वेग वाढला की काम लवकर होईल हा समज चुकीचा आहे. एका मर्यादेनंतर माल भिंतीला चिकटूनच फिरायला लागतो आणि काहीच घासलं जात नाही. १५ सेंटिमीटर आतल्या व्यासाच्या डब्यासाठी ही मर्यादा मिनिटाला सुमारे ११० फेऱ्यांची आहे. चांगलं काम तिच्या पस्तीस-चाळीस टक्क्यांवर होतं, म्हणजे मिनिटाला ४० फेऱ्या. पाइपऐवजी रंगाची मोठी बादली घेतली आणि आतला व्यास २८ सेंटिमीटर झाला तर मर्यादाच ८० वर येते, मग ३० पुरे. डब्यावर खडूची रेघ मारून घड्याळ लावून मोजा. कानाला वेगाचा अंदाज येत नाही.

मोटरसाठी दोन पर्याय गावात सहज जमतात. वायपरची मोटर १२ व्होल्टची, आत वर्म गिअर असलेली, हळू वेगावर मिनिटाला ४५ च्या आसपास फिरते. तिच्या शाफ्टला ८ इंची पुली आणि रोलरला, म्हणजे रबर गुंडाळलेल्या एका दांड्याला, २ इंची पुली लावली की रोलर १८० वर आणि डबा बरोबर ४० वर येतो. जलद वेगाची तार जोडूच नये. दुसरा पर्याय म्हणजे जुन्या कूलरची किंवा वॉशिंग मशीनची १४४० फेऱ्यांची मोटर, तिला २ इंची आणि रोलरला १४ इंची पुली. डबा ४६ च्या जवळ जातो. तोट्या आणि शेंब्यांना चालतं, पातळ घुंगरांना थोडं जास्त होतं.

दोन्हींत पसंती वायपरच्या मोटरलाच. कारण सरळ आहे: डब्यात पाणी, डब्याखाली मोटर, आणि घरातली लहान मुलं फिरता डबा बघायला सगळ्यात आधी धावतात. १२ व्होल्टला धक्का बसत नाही. वीज गेली तरी काम थांबत नाही. मात्र फवारणीच्या चार्जिंग पंपाच्या ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर भिस्त ठेवू नका. ही मोटर ओझ्याखाली चार अँपिअरच्या आसपास ओढते, तीन तासांचं काम त्या बॅटरीत बसत नाही आणि पार रिकामी केलेली बॅटरी पुढच्या फवारणीला दगा देते. ट्रॅक्टरची बॅटरी किंवा १२ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेवरून १२ व्होल्ट देणारा डबा) घ्या. घरच्या विजेवरची मोटर लावायचीच असेल तर ती डब्याच्या पातळीपेक्षा वर, बाजूला, आर्थिंग करून आणि ईएलसीबीच्या (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) मागे. यात तडजोड नको.

पिनांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण इथे लोक वेळही घालवतात आणि पैसाही. योग्य पिन म्हणजे स्टेनलेसची, १.२ मिलिमीटर जाड, साडेसहा मिलिमीटर लांब. स्टेनलेसची वेल्डिंग तार आणून घरीच कापू असं अनेकांना वाटतं. हिशेब करून बघा: अशी एक पिन जेमतेम ५८ मिलिग्रॅमची भरते, सव्वादोन किलोला सुमारे ३९ हजार पिना लागतात. तयारच घ्या. सराफांच्या हत्यारांच्या दुकानात, नागपूरला इतवारीच्या सराफा बाजारात, चुंबकी पॉलिशयंत्राच्या पिना मिळतात, पण त्या अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असतात. दागिन्याला छान, घुंगरांना नाही: फटीतून आणखी सहज आत जातात आणि वजन नसल्याने काळं निघायला वेळ लागतो. जाडच मागा. लोखंडी खिळे, छर्रे, सायकलचे छर्रे यांतलं काहीही स्टेनलेसऐवजी टाकू नका. नव्या पिनांच्या टोकांना कापल्याची धार असते, ती पितळावर ओरखडे काढते. पहिल्या वेळी नुसत्या पिना, पाणी आणि साबण घालून पाच तास फिरवून घ्या, पाणी काळं होईल ते फेका.

आता पाणी. बाहेरची पाककृती जशीच्या तशी वापरून बघणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: "निंबूफूल टाकलं, तीन तास फिरवलं, काहीच झालं नाही." दोष डब्याचा नसतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणि त्याबाहेरच्याही पुष्कळ विहिरी-बोअरच्या पाण्यात इतकी क्षारता असते की पाव चमचा निंबूफूल त्यातच मरून जातं. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम क्षारता धरली तर पावणेचार लिटर पाण्याला नुसतं उदासीन करायलाच सुमारे दोन ग्रॅम निंबूफूल लागतं, आणि पाव चमच्यात भरतं जेमतेम सव्वा ग्रॅम. म्हणजे पितळावर काम करायला काही उरतच नाही. अशा पाण्याला तीन ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्ध्यापेक्षा थोडा जास्त सपाट चमचा. पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याला मात्र पाव चमचाच. तिथे तीन ग्रॅम टाकलं तर जास्त होतं.

बोअरच्या पाण्यात निंबूफूल टाकलं की बारीक फेस उठतो. पाण्यातला बायकार्बोनेट फुटून वायू सुटतो तो हा. झाकण लावलेल्या डब्यात तो सुटला तर झाकण फुगतं, वायसर बाहेर येतो आणि सगळं पाणी मोटरवर सांडतं. म्हणून पाणी आणि निंबूफूल आधी उघड्या बादलीत कालवावं, पाच-दहा मिनिटं बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावं, मग डब्यात ओतावं आणि सगळ्यात शेवटी साबण घालावा. डबा नेहमी उभा करून उघडावा आणि झाकण अर्धा आटा सोडून आधी वायू जाऊ द्यावा. एप्रिल-मेच्या उन्हात डबा अंगणात ठेवू नये.

चिंच, कोकम, मीठ, राख यांची घरच्या परातीत हातानं घासताना जागा आहे, डब्यात नाही. चिंचेचे दोरे पिनांत गुंततात आणि मीठ तर पितळाचं वैरी: खारट पाण्यात जस्त सुटून निघतं आणि तांब्याचा लालसर थर उरतो. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात आधीच मीठ असतं, त्यामुळे तिथे शक्य असेल तर डब्यातही गावच्या आरओचं कॅनचं पाणीच वापरा. एका वेळी चार लिटर लागतं, परवडतं.

माल डब्यात टाकण्यापूर्वी सोडवून घ्यायचा. घुंगरं चामड्याच्या किंवा नवारीच्या पट्ट्यावरून काढा, तारेची कडी काढा, घाटीची लोखंडी लोळी सोडवा. हा कंटाळवाणा भाग आहे आणि इथेच आळस होतो. आम्लाच्या पाण्यात थोडं तांबं विरघळतंच. त्यात लोखंड असेल तर ते तांबं परत पितळावर पातळ थरासारखं बसतं. माल गुलाबी निघण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि लोक मात्र साबण बदलत बसतात. घुंगराच्या आतली गोळी पुष्कळदा लोखंडाची असते, ती काही काढता येत नाही. म्हणून घुंगरांच्या खेपेला निंबूफूल नेहमीच्या मापाच्या निम्मं, आणि वेळ दीड तासापेक्षा जास्त नाही. दोन खेपा पळवाव्या लागल्या तरी चालेल.

शेंब्या, तोट्या, भरीव ओतीव काम यांना अडीच ते तीन तास. पहिल्या वीस मिनिटांत पाणी करडं आणि तासाभरात शाईसारखं काळं होतं, म्हणजे काम चाललं आहे. तासानेही पाणी फिकट असेल तर एकतर डबा जास्त भरला आहे, नाहीतर आम्ल मेलं आहे. फेस पूर्ण बसला असेल तर साबण कमी पडला. साबण नुसता मळासाठी नसतो, निघालेलं काळं तो पाण्यात धरून ठेवतो, नाहीतर तेच परत मालावर बसतं. पितळ करड्या रंगाचं, मंद निघालं तर पाणी बदलून पुन्हा एक तास. गुलाबी निघालं तर मात्र आम्लात पुन्हा टाकू नका. साबण-पाण्यात पिनांसोबत तासभर फिरवलं की पातळ थर पुष्कळदा निघून जातो. खोलवर लाल झालेलं पितळ परत पिवळं होत नाही, तिथलं जस्त गेलेलं असतं.

बाहेर काढल्यावर माल दोन पाण्यांत खळबळा, दुसऱ्या बादलीत चमचाभर खाण्याचा सोडा घाला म्हणजे चिकटलेलं आम्ल मरेल. शेवटचं पाणी आरओचं, नाहीतर वाळल्यावर पांढरे ठिपके उरतात. मग सुती कापडात हलवून कोरडं करायचं आणि लगेच उन्हात, फट खाली करून. घुंगरात ओल राहिली तर आतली गोळी गंजते, चिकटते आणि घुंगरू मुकं होतं. वरून कितीही चमकलं तरी पोळ्याच्या रांगेत बैल उभा राहिल्यावर ते कळतंच.

आता जे चुकलं तर सुधारता येत नाही ते. घुंगराची फट दोन-तीन मिलिमीटरची, पिन १.२ मिलिमीटरची. पिना आत जातात, तिथेच राहतात, आणि वाजतात गोळीसारख्याच, त्यामुळे संशय येत नाही. नंतर बैल मान हलवतो, पिन गव्हाणीत पडते आणि कडब्यासोबत पोटात जाते. गुरं चारा न चावता गिळतात. टोकदार धातू जाळीपोटात अडकतो आणि तिथून छाती-पोटामधल्या पडद्यातून हृदयापर्यंत टोचतो. गोठ्यातली तार-खिळा पोटात जाऊन जनावरं दगावतात ती अशीच. त्यामुळे घुंगरांसाठी पिना वापरायच्याच असतील तर प्रत्येक घुंगरू फट खाली धरून बारीक जाळीच्या चाळणीवर हलवून, ठोकून रिकामं करा. शेंब्यांचंही टोक अरुंद असतं, त्यात दोन पिना आडव्या अडकतात. लाकडावर आपटून आणि उजेडाकडे धरून बघा.

आणि पिना तोला. डब्यात टाकताना कोरड्या पिनांचं वजन लिहून ठेवा, काढून वाळवल्यावर पुन्हा तोला. पाच ग्रॅमचा फरक म्हणजे जवळपास ८५ पिना कुठेतरी राहिल्या. एक-दोन पिना हा काटा दाखवणार नाही, म्हणून हलवून रिकामं करणं सोडायचं नाही. पण एखादी खेप तपासायची राहून गेली असेल तर ती काटा लगेच दाखवतो. अंगणात सांडलेल्या पिना झाडून घेऊ नका, चुंबकाने उचला. ओढून बनवलेल्या स्टेनलेस तारेला थोडं चुंबकत्व येतं, पण साध्या चुंबकाला ती दाद देत नाही. जुन्या स्पीकरचा मोठा चुंबक लागतो. गोठ्याजवळ तर डबा उघडूच नका.

एवढी काळजी होणार नसेल तर घुंगरांसाठी पिना सोडून द्या. भंडारा-गोंदियाकडे गिरणीच्या मागे धानाच्या तुसाचे ढीग पडलेले असतात. तूस जळाल्यावर जी राख उरते ती बहुतेक सगळी सिलिका असते, म्हणूनच ते हलकं घासतं. कोरड्या डब्यात अर्ध्यापर्यंत चाळलेलं तूस, वर पितळ, तीन तास. काळं झालेलं पितळ याने साफ होत नाही, पण दरवर्षी निघणाऱ्या, फक्त मंदावलेल्या माळांना छान उजळ येते आणि तुसाचा कण पोटात गेला तरी चारा तो चाराच. उघडताना धूळ उडते, तोंडाला फडकं बांधा. बुलढाण्याकडे मक्याच्या कणसाचे दाणे काढलेले गाभे भरडून वापरता येतात. ते तुसापेक्षा मऊ, चमक जास्त, वेळ जास्त.

काय टाकायचं नाही तेही सांगायला हवं. कल्हई केलेली भांडी अजिबात नाहीत. कल्हई निघून जाते आणि आतलं पितळ आंबट पदार्थाला लागतं. अ‍ॅल्युमिनियमचा एकही तुकडा नाही. फवारणी पंपाचे पितळी नोझल पिनांसोबत फिरवले तर छिद्राची कड झिजते, थेंब मोठे होतात आणि औषधाचं सगळं गणित बिघडतं. नोझल साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशनेच धुवा. आणि औषधाचा अंश असलेली कोणतीही वस्तू देवघराच्या किंवा बैलाच्या पितळासोबत एका डब्यात नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. डब्यातलं काळं पाणीही विहिरीपासून आणि जनावरांच्या हौदापासून लांब ओता, त्यात तांबं आणि जस्त असतं.

उजळलेलं पितळ टिकवायला जवसाचं तेल पातळ पुसावं. जवस हवेत सुकून पातळ पापुद्रा धरतं, खोबरेल तेलासारखं ओशट राहून धूळ ओढत नाही. पण तेलाने भिजलेली कापसाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवस सुकताना ऊब धरतं आणि अशी गच्च फडकी आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून, मोकळी पसरून वाळवा.

शेवटी माळा कुठे टांगायच्या हे डब्याशी संबंधित वाटणार नाही, पण डब्याने साफ केल्यावरच ते दिसतं. दाबून केलेल्या पातळ घुंगरांना पुष्कळदा काळ्याखाली केसासारखे तडे असतात. इंग्रजांच्या फौजेत हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या अशाच तडकत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि पत्रा दाबताना त्यात राहिलेला ताण या तिन्हींनी मिळून ते होतं, हे १९२१ साली नीट उलगडलं. गोठ्याच्या आढ्याला टांगलेली घुंगरमाळ नेमक्या त्याच हवेत वर्षभर राहते. ओतीव घाटीला त्याचा फारसा त्रास नाही, दाबीव घुंगरांना आहे. तडा दिसलेलं घुंगरू डब्यात पुन्हा फिरवू नका, पिनांच्या मारानं ते उघडतं. माळेतून काढून टाका. बाकीची माळ पोळा झाल्यावर पुसून, वाळवून घरात, शक्यतो चुलीपासून लांब कोरड्या भिंतीला टांगा. पुढच्या वर्षी तीच माळ तीन तासांऐवजी तुसात तासाभरात निघते.